भिंतीच्या पायाशी

नव्या घरात पाहुणे आधी ओटा बघतात, मी स्कर्टिंग बघतो. मिस्त्री घाईत होता की नाही, ते त्या चार इंची पट्टीवर लगेच कळतं. व्हिट्रिफाइड टाइलची पट्टी त्याच टाइलमधून कापतात. कापलेली कड खाली, कारखान्यातली वर, आणि पट्टीचे सांधे जमिनीच्या सांध्यांशी जुळलेले हवेत. पट्टी गिलाव्याच्या पुढे आली की तिच्या माथ्यावर कायमची धूळ आणि कपाट भिंतीला टेकत नाही ते वेगळंच. म्हणून गिलावा करतानाच खाली तेवढी जागा सोडायला सांगावं; नंतर छिन्नी मारली की वरची कड दातेरी होते आणि मग पुट्टीची लपवाछपवी. कोटा किंवा शहाबादी फरशी जाडीला सारखी नसते, तिथे पट्टीखालची फट नीट भरणं आलंच. लॅमिनेटचं गणित मात्र उलटं. त्या फळ्या दमट हवेत फुगतात, म्हणून भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळीच ठेवतात आणि स्कर्टिंग ती झाकतं. ते भिंतीलाच ठोकायचं, फळीला नाही, नाहीतर फळ्या मधोमध उचलतात. जुन्या मोझॅकच्या जमिनीत भिंतीशी गोलाई काढत. कोपऱ्यात कचरा अडकत नसे, माझं मत आजही तिलाच. स्कर्टिंगचा भाव बहुधा रनिंग फुटावर लागतो. फरशीच्या दरात तो धरलाय का, हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या.