ढापलेले ढापे

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला ढापे बसवतात. खांबांच्या खाचांत फळीवर फळी, दोन रांगा, मधे माती. पूर्वी ढापे लाकडी असत; ते कुजतात म्हणून लोखंडी आले आणि नाव सार्थ झालं. रातोरात ढापले जाऊ लागले!

आता आमच्या पाबळच्या पारावर वाद: पत्रा आणखी जाड घ्यावा का? अहो, जितका जाड, तितका भंगारवाला खूश! बँकेत तारण घेताना आम्ही बघतो, विकून किती येतील? ढाप्याचं उलटं हवं. विकून दमडी येता कामा नये. म्हणून माझं मत फायबरला. हसा खुशाल! लोखंड पुन्हा आणता येईल. ऑक्टोबरात वाहून गेलेलं पाणी मे महिन्यात कुठल्या टेंडरनं आणणार?