चौथ्या क्रमांकाचे मोल

ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात चौथ्या क्रमांकाला स्थान नसते. परंतु एखाद्या राष्ट्राच्या क्रीडाधोरणाची खरी परीक्षा पुष्कळदा या तक्त्याबाहेरच होत असते. दक्षिण कोरियाची निवृत्त तालबद्ध जिम्नॅस्ट सोन यॉन-जे हिची कारकीर्द या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

रिंग, चेंडू, रिबन यांसारखी साधने हाती घेऊन संगीताच्या साथीने करावयाच्या या क्रीडाप्रकाराला ऑलिंपिकमध्ये १९८४ साली प्रवेश मिळाला. २००० ते २०१६ या काळातील पाचही ऑलिंपिकमध्ये त्यातील वैयक्तिक सुवर्णपदक रशियाकडेच गेले. कोरियाची ख्याती तिरंदाजीत आणि तायक्वांदोत. या प्रकारात त्या देशाला परंपरा अशी नव्हतीच. २००८ साली बीजिंगमध्ये शिन सू-जी हिने मिळविलेला बारावा क्रमांक हीच तेथे मोठी मजल मानली गेली.

अशा भूमीत, १९९४ साली सोल येथे जन्मलेली सोन पुढे आली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने कांस्यपदक मिळविले. त्यानंतर मॉस्कोजवळील नोवोगोर्स्क येथे तिने अनेक वर्षे सराव केला. ज्यांच्याशी झुंजावयाचे, त्यांच्याच आखाड्यात जाऊन तिला विद्या घ्यावी लागली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली. कांस्यपदक अवघ्या ०.२२५ गुणांनी दूर राहिले. २०१४ साली इझमीरच्या जागतिक स्पर्धेत रिंग प्रकारात कांस्य आणि इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण तिने मिळविले. २०१६ साली रिओमध्ये ती चौथी आली. युक्रेनच्या रिझातदिनोवाचे गुण ७३.५८३, सोनचे ७२.८९८. त्याच रिओत आपली दीपा कर्माकर व्हॉल्ट प्रकारात ०.१५ गुणांनी कांस्यपदकाला मुकली होती. चौथ्या क्रमांकाचे शल्य काय असते, हे भारतीय वाचकाला निराळे सांगावयास नको.

तथापि सोनच्या वाट्याला केवळ कौतुक आले नाही. जाहिरातींत झळकणारी ही ‘परी’ पदकाविना अकारण मिरवते, असा टीकेचा सूर तेथे वारंवार उमटला. २०१६ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्याविरुद्ध जनक्षोभ उसळला, तेव्हा २०१४ मध्ये त्यांच्या उपस्थितीत झालेल्या एका व्यायामविषयक कार्यक्रमातील सहभागाबद्दल तिच्यावरही टीकेचा भडिमार झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पदक का मिळाले नाही, असे एका मुलीला विचारणाऱ्या समाजाने तिच्यामागे दुसरी फळी उभी केली काय? रिओनंतरच्या टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये या प्रकारात कोरियाची एकही खेळाडू दिसली नाही. उलट चीनने २००८ साली सांघिक रौप्य आणि २०२४ साली पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण मिळविले. ही दोन पदके सोळा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन निरनिराळ्या संघांची आहेत. एक पिढी निवृत्त झाल्यावर तिची जागा घेणारी दुसरी तयार असावी लागते, हेच त्यावरून दिसते. एका व्यक्तीचा पराक्रम कितीही देदीप्यमान असला, तरी तो व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

निवृत्तीनंतर सोनने लहान मुलांना हा खेळ शिकविण्याचे काम हाती घेतले. जे काम समाजाने आधीच करावयास हवे होते, तेच एका निवृत्त खेळाडूने आपल्यापुरते आरंभिले, असे म्हणावे लागते. परंपरा नसलेल्या देशातून येऊन जगात चौथे होणे, हे अपयश नव्हे. त्या चौथ्या स्थानावर पुन्हा कोणी पोहोचू नये, हे मात्र खासच अपयश आहे. आणि ते खेळाडूचे नाही.