दहावीच्या आधीचा एक शनिवार

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी एकच प्रश्न असतो: आता पुढे काय? पण तेव्हा विचार करायला वेळच नसतो. प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. मग मित्राने जिथे अर्ज भरला तिथेच आपलाही भरला जातो. म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या मोहल्ल्यांतल्या उर्दू आणि मराठी शाळांनी नववीच्या वर्षात एक दिवस तरी करिअर दिन घ्यावा.

मुलांना आजूबाजूला जे दिसतं, तेच ती होऊ पाहतात. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग दिसतो, कोकणात आखाती देशातली नोकरी दिसते, शहरात गॅरेज आणि शिलाईकाम दिसतं. या कामांनीच आपली घरं चालवली, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण निवड करायची तर आधी पर्याय माहीत हवेत. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार आयएएसमध्ये मुस्लिमांचं प्रमाण सुमारे ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के होतं. यामागे गरिबी आहे, भेदभावही आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिळवा: बहुतेक मुलांच्या नात्यागोत्यात असा एकही माणूस नसतो, ज्याला ‘चाचा, या परीक्षेची तयारी कशी करू?’ असं विचारता येईल. ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांना ही माहिती जेवताना फुकट मिळते.

करिअर दिन म्हणजे हारतुरे आणि दोन तासांची भाषणं नव्हेत. मोठ्या पाहुण्याची वाट पाहू नका. मोहल्ल्यातली नर्स, लॅब टेक्निशियन, वकील, आयटीआय करून कारखान्यात लागलेला इलेक्ट्रिशियन, बँकेतली कर्मचारी, पोलीस शिपाई अशा आठ-दहा जणांना बोलवा. प्रत्येकाने चारच गोष्टी सांगाव्यात: दिवसभर काम काय असतं, शिक्षण किती झालं, खर्च किती आला, सुरुवातीला पगार किती होता. मला बोलावलं तर मी सांगेन की सॉफ्टवेअर इंजिनिअरचा निम्मा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात आणि चुका शोधण्यात जातो. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल, त्याला ते नववीतच कळलेलं बरं.

काही गोष्टी तर वेळेत कळल्या तरच उपयोगाच्या असतात. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, त्याची सीईटी असते. मुस्लिमांमधल्या अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर हाताशी नसेल तर त्या यादीचा फायदा मिळत नाही. ही कागदपत्रं निकालानंतर आठवड्याभरात होत नाहीत.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘शिकून तरी नोकरी कुठे मिळते?’ भेदभाव आहेच आणि त्याविरुद्ध लढावंच लागेल. पण दार लावून घेणारे दुसरे असतील, तर दार कुठे आहे हे मुलांना दाखवणं तरी आपल्याच हातात आहे. दुसरा आक्षेप, ‘मुली तेवढं शिकून काय करणार?’ त्यासाठीच त्या दिवशी अम्मी-अब्बूंनाही शाळेत बोलवा. आपल्याच गल्लीतली मुलगी वकील म्हणून समोर उभी राहिली की शंभर उपदेशांचं काम होतं.

याला निधी लागत नाही. एक शनिवार, शाळेचा हॉल आणि दहा माणसं पुरेत. तुम्ही शिकून नोकरीला लागला असाल, तर ज्या शाळेत शिकलात तिथल्या मुख्याध्यापकांना या आठवड्यात भेटा आणि तारीख ठरवूनच बाहेर पडा.