वकील बँकेचा, फी ग्राहकाची

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर विकत घेतो आणि ते घेताना तो सर्वाधिक विसंबतो तो बँकेच्या मंजुरीवर. एवढी मोठी बँक लाखो रुपये देते आहे, तिच्या वकिलाने सारे कागद डोळ्यांखालून घातले आहेत, मग मालकी हक्कात खोट कशी असेल, असा त्याचा साधा हिशेब असतो. बांधकाम व्यावसायिकही या समजुतीला खतपाणी घालतात. कोणकोणत्या बँकांनी प्रकल्पाला मंजुरी दिली आहे, हे फलकावर ठळक अक्षरांत रंगवले जाते. जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका मात्र त्या फलकावर कधी नसते. वस्तुतः हे कागद कोणासाठी तपासले गेले, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ग्राहकाला वाटते त्याहून फार वेगळे आहे.

व्यवहाराची रीत अशी. कर्जाचा अर्ज आला की बँक आपल्या यादीतील, म्हणजेच 'पॅनेल'वरील, वकिलाकडे कागदपत्रे पाठवते. तो दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदी, पुष्कळदा तीस वर्षांपर्यंतच्या, चाळतो आणि शोध अहवाल बँकेला सादर करतो. त्याची फी कर्जदाराकडून वसूल होते. अहवाल मात्र बँकेच्या फायलीत राहतो. ज्याच्या खिशातून तपासणीचा खर्च गेला त्याला ती वाचावयास मिळेलच असे नाही. मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत कागद एकदाच पाहिले जातात आणि पुढचे शेकडो ग्राहक त्याच मंजुरीच्या आधारे सह्या करतात. याहून मौजेचा भाग पुढेच आहे. तारण ठेवलेल्या मिळकतीचा हक्क निर्वेध आहे, अशी हमी कर्जाच्या करारात सामान्यतः कर्जदाराकडूनच लिहून घेतली जाते. तपासणी बँकेच्या वकिलाची, आणि ती चुकली तर जबाबदारी ग्राहकाची!

या वकिलांना सरसकट दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा पक्षकार बँक आहे आणि बँकेचा प्रश्न मर्यादित आहे: ही मिळकत तारण म्हणून पुरेल काय आणि प्रसंगी ती लिलावात काढता येईल काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच रक्कम देता येते. उरलेली पदरची रक्कम पहिल्या झटक्यात बुडते ती घेणाऱ्याची. शिवाय बँकेची जोखीम दर हप्त्यागणिक घटत जाते, आणि घर हातचे गेले तरी कर्जफेडीची वैयक्तिक जबाबदारी कायम राहते. घेणाऱ्याचे प्रश्न याहून कितीतरी अधिक असतात. वडिलोपार्जित जमिनीवर बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिले आहे की नुसतेच तोंडी सांगितले आहे? भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर हस्तांतरणाची परवानगी घेतली आहे काय? जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे, की इमारत उभी राहून वर्षे लोटली तरी जमीन बिल्डरच्याच नावे आहे? १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने हे अभिहस्तांतरण बिल्डरवर बंधनकारक केले. ते होत नाही म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. इतके असूनही कर्जाच्या छाननीत हा मुद्दा गौण ठरतो, कारण पुनर्विकासाचा वाद उपस्थित होईपर्यंत बँकेचे कर्ज फिटलेले असते. स्टिल्टखालची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. त्या जागेसाठी पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला हे सांगणे बँकेच्या वकिलाचे कामच नव्हे.

दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हाही असाच एक भ्रम. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, हक्काची नव्हे. विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूचा एक नियम रद्द करताना पुन्हा स्पष्ट केले. म्हणूनच जुन्या मुंबईत घर घेणारा प्रथम आपला सॉलिसिटर गाठी आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवी. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली, पुढे गृहकर्जाचा विस्तार झाला आणि सामान्य माणसाला घर आवाक्यात आले, ही मोठीच गोष्ट घडली. त्याबरोबर स्वतःचा वकील नेमण्याची सवय मात्र मागे पडली.

ती किती महाग पडू शकते, हे कल्याण-डोंबिवलीत दिसले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तेथील ६५ इमारतींनी महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा घरे घेतलेल्या अनेक कुटुंबांच्या डोक्यावर बँकांचे कर्ज होते. महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगीचा क्रमांक पडताळण्याएवढे साधे काम कोणी केले असते तर बनाव उघडकीस आला असता.

अशा वेळी दाद कोठे मागावी? प्रवर्तकाकडून घेतलेल्या घराच्या जमिनीचा हक्क सदोष निघाला तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार भरपाई मागता येते आणि तिला मुदतीची आडकाठी नाही. पण प्रवर्तक परागंदा झाला असेल तर हा हक्क कागदावरच राहतो. जुने घर खासगी व्यक्तीकडून घेतले असेल तर तोही आधार नाही. वकिलाविरुद्धचा मार्ग त्याहून अरुंद आहे. एका बँकेच्या पॅनेलवरील वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले की, कटाचा पुरावा नसता केवळ चुकीच्या अभिप्रायावरून फौजदारी खटला चालणार नाही. हे योग्यच आहे. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. राहता राहिला दिवाणी दावा, आणि त्यात पहिलाच आक्षेप येणार की हा माणूस वकिलाचा पक्षकारच नव्हता.

इंग्लंडमध्येही बँकांची अशी यादी असते. फरक असा की, यादीतला सॉलिसिटर सामान्यतः घर घेणारा आणि बँक या दोघांचेही काम करतो, दोघांनाही उत्तरदायी असतो आणि दोघांच्या हितात विरोध आला तर त्याला तसे काम चालू ठेवता येत नाही. व्यावसायिक विमा त्याला सक्तीचा आहे. शिवाय तेथे नोंद मालकीचीच होते आणि तीत चूक निघाली तर भूनोंदणी खाते भरपाई देते. ती व्यवस्थाही निर्दोष नाही. दर दहा वर्षांनी दुप्पट होणाऱ्या भूभाड्याची कलमे विकासकाने सुचवलेल्या वकिलांनी नीट समजावली नाहीत, अशा तक्रारी २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे आल्या. तथापि घर घेणारा हा पक्षकार आहे, एवढे तरी तेथे मान्य आहे.

आपल्याकडे सुरुवात करण्यास नवा कायदाही नको. कर्जदाराकडून कायदेशीर तपासणीचा खर्च वसूल केल्यास तो स्वतंत्रपणे दाखवावा आणि पावत्या व संबंधित कागदपत्रे त्याला द्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात म्हटलेच आहे. 'संबंधित कागदपत्रां'त शोध अहवाल येतो की नाही, हे तेवढे संदिग्ध राहिले आहे. तो येतो, आणि पहिला हप्ता वितरित होण्यापूर्वी दिला पाहिजे, असे एका ओळीचे स्पष्टीकरण पुरेसे होईल. अहवाल गोपनीय असल्याचा बँकांचा युक्तिवाद टिकणारा नाही. दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमधील नोंदींत गोपनीय ते काय? वकिलांवर कर्जदाराप्रतिही जबाबदारी आली तर फी वाढेल, ही तक्रार खरी आहे. पण चाळीस-पन्नास लाखांच्या व्यवहारात काही हजार रुपये अधिक मोजणे कोणालाही परवडेल. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पडताळल्याखेरीज इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये, असे बँकांना बजावले. त्या पडताळणीची प्रतही अहवालासोबत कर्जदाराच्या हाती पडली पाहिजे. हे होईपर्यंत विसाराची रक्कम देण्यापूर्वीच, बँक किंवा बिल्डर यांच्यापैकी कोणीही न सुचवलेला आपला स्वतंत्र वकील नेमणे, एवढाच उपाय घर घेणाऱ्याच्या हाती आहे.