हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्ण कसा जगतो, याची नोंद घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
मार्फत : मा. तहसीलदार, राजगड (वेल्हे), जि. पुणे

विषय : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जीवनमानाचे मोजमाप सुरू करणेबाबत.

महोदय,

आम्ही राजगडाच्या पायथ्याचे, पाली गावचे रहिवासी. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून आमच्या जिल्ह्यातही आली. बायपाससाठी, झडप बदलण्यासाठी जमीन गहाण टाकायची पाळी तिच्यामुळे टळली, हे प्रथम कृतज्ञतेने नोंदवतो.

डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि माणूस गावी येतो. पुढचे जगणे घरच्यांनाच दिसते. बायपास झालेल्या आमच्यातल्या एका शेतकऱ्याची पायातली शीर काढलेली जागा थोडा वेळ उभे राहिले की ठसठसते, संध्याकाळी पोटरी सुजते. खोकला आला की तो अजून उशी छातीशी घट्ट धरतो. रात्री कूस बदलायची भीती वाटते. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, पण बायको त्याला एकट्याला उंबऱ्याबाहेर सोडत नाही. पूर्वी डोक्यावर ओझे घेऊन गडाच्या पाली दरवाज्याची वाट चढणारा हा माणूस दिवसभर ओटीवर बसून असतो. त्याचा इको चांगला आहे. तो म्हणतो, “मी घराला भार झालोय.”

हे वाक्य कोणत्याही तपासणीत उमटत नाही. ते विचारावेच लागते.

असे विचारण्याची रीत जगात रुळलेली आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २००९ पासून खुबा, गुडघा, हर्निया यांसारख्या शस्त्रक्रियांच्या आधी व नंतर रुग्णांकडूनच प्रश्नावली भरून घेतली. ‘ईक्यू-५डी’ या प्रश्नावलीत पाचच बाबी आहेत : चालणे-फिरणे, स्वतःचे आवरणे, नेहमीची कामे, दुखणे आणि मनाची चिंता-उदासी. शिवाय आजची तब्येत शून्य ते शंभर यांपैकी किती, हे रुग्णाने सांगायचे. दहा मिनिटांचेही काम नाही. ‘एसएफ-३६’ ही दुसरी प्रसिद्ध प्रश्नावली. तिच्या मूळ इंग्रजी रूपात व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, गोल्फ खेळणे अशी उदाहरणे आहेत. आमच्या बायकांना पाण्याचा हंडा उचलता येतो का, शेताचा चढ न थांबता चढता येतो का, असे विचारले तरच खरे उत्तर मिळेल.

म्हणून आमची मागणी अशी की, योजनेतील प्रत्येक हृदयरुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी व वर्षाने सोप्या मराठीत हे प्रश्न विचारावेत. पहिली नोंद रुग्णालयात आरोग्यमित्राने घ्यावी, पुढच्या नोंदी गावात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने घ्याव्यात. आशाताईंची मदत घेतल्यास त्यांना वेगळा मोबदला द्यावा. त्यांच्यावर फुकटचे काम लादू नये. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवावेत आणि उत्तर त्याचेच लिहावे, मुलाचे किंवा सुनेचे नव्हे. रुग्णांची नावे गुप्त ठेवून रुग्णालयनिहाय निष्कर्ष दरवर्षी जाहीर करावेत.

नुसती नोंद करून मात्र थांबू नये. ज्याचे उत्तर खालावलेले दिसेल त्याला व्यायामोपचार, समुपदेशन व तज्ज्ञांचा सल्ला तालुक्यातच मिळावा. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण ठरवायला पीटी-आयएनआर तपासणी वरचेवर करावी लागते. एका तपासणीसाठी पुण्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. ही तपासणी वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात नियमित व मोफत व्हावी.

राजगड आणि भोर तालुक्यांत हे काम प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावे. प्रश्नांचा मराठी मसुदा ठरवताना आम्हा रुग्णांना बोलवावे, आम्ही येऊ. या निवेदनावरील निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
हृदयशस्त्रक्रिया झालेले रुग्ण, त्यांचे कुटुंबीय व ग्रामस्थ
पाली, ता. राजगड (वेल्हे), जि. पुणे

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे