कामाला आपलं नाव लागू द्या

‘आपल्या तोंडानं आपलं काय सांगायचं?’ भिवापूरकडच्या घराघरांत हे वाक्य संस्कार म्हणून शिकवलं जातं. मग बढतीच्या किंवा नव्या नोकरीच्या मुलाखतीला नागपूरला गेलेली आपली पोरं तिथंच अडतात. वर्षानुवर्षं चोख काम केलेलं असतं, पण ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सगळ्यांनी मिळून केलं.’ या नम्रतेचा मला राग येत नाही, तिची काळजी वाटते. ती किती महाग पडते, हे आपल्या अगदी जवळ, नागभीड तालुक्यात दिसलं आहे.

तिथल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर, वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या राखून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करत राहिले. दाणा बारीक, भाताला चव. बाजारात व्यापाऱ्यानं तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळावरून त्या धानाला एचएमटी म्हटलं आणि तेच रूढ झालं. १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) हे बियाणं नेलं, त्यावर शुद्धीकरणाचं काम केलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ वाण प्रसारित झाला. एका नावात घड्याळ, दुसऱ्यात विद्यापीठ. दादाजी कुठंच नाहीत.

पुढच्या वाणांची नावं मात्र बघा: नांदेड-९२, नांदेड हिरा, डीआरके. डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. गावाचं आणि स्वतःचं नाव त्यांनी बियाण्यावरच लिहून टाकलं. यात कुणाला आत्मप्रौढी दिसली तर दिसू दे, मला त्यात शहाणपण दिसतं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांच्या कामाची नोंद घेतली. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हातून पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’नं ग्रामीण उद्योजकांत त्यांना मोजलं. तरी पैसा फारसा आला नाही. जून २०१८ मध्ये ते गेले, ते आजारपण आणि ओढाताण सोसून. नाव झालं म्हणजे सगळं मिळालं, असं मी म्हणणार नाही. पण नाव नसतं तर दादाजी कोण, हेही आज कुणाला ठाऊक नसतं.

नावाला पुरावाही लागतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही नुसत्या चवीवर नव्हे. हे पीक इथलंच आहे, याचा पुरावा कागदावर मांडावा लागतो.

आपल्या कामाचा तसाच पुरावा कृषी सहायकानं, परिचारिकेनं, शिक्षकानं, मिरची निवडायच्या सातऱ्यावर तिची प्रत नजरेनं ओळखणाऱ्या बाईनंही ठेवावा. काम हाती घेतलं तेव्हा स्थिती काय होती, मी काय बदललं, त्यानं काय झालं, आणि तारीख. महिन्याला वहीचं एक पान पुरे. त्या पानातूनच अर्ज निघतो, परिषदेतलं टिपण निघतं, मुलाखतीतलं ठाम उत्तर निघतं. सहकाऱ्यांचं श्रेयही त्यात नावानिशी लिहा. ‘सगळ्यांनी’ या शब्दात त्यांचीही नावं बुडतात.

आणि धानवाल्यांसाठी: पीक वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतः तयार केलेल्या वाणाची नोंद स्वतःच्या नावानं करता येते. त्यासाठी त्याला शुल्क भरावं लागत नाही.