मेलेल्या बाळंतिणीची जात कोण मोजणार?

माता मृत्यू घटले म्हणून सरकार स्वतःची पाठ थोपटून घेते. 2004-06 या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 254 बाळंतिणी मरत होत्या. 2018-20 मध्ये हे प्रमाण 97 वर आले, महाराष्ट्रात 33 वर. ही घट आम्ही नाकारत नाही. पण या 33 मध्ये आमच्या किती?

याचे उत्तर सरकारी पत्रकात नाही. नमुना नोंदणीचे आकडे राज्यनिहाय छापले जातात. केरळ 19, आसाम 195 हे त्यातूनच कळते. जातनिहाय आकडा मात्र छापला जात नाही. आसामचे 195 वाचून चहामळ्यात राबणारी आदिवासी बाई दिसत नाही. महाराष्ट्राचे 33 वाचून मेळघाटातली दिसत नाही, आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी दिवस भरत आले तरी उसाच्या मोळ्या वाहणारी तर नाहीच नाही. तिच्या अंगात आधीच रक्त कमी. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की वाहन मिळेपर्यंत आणि रक्ताची पिशवी येईपर्यंत ती तग धरत नाही. सरासरी काही बाळंत होत नाही, बाई होते!

दुसरी गंमत पाहा. जननी सुरक्षा योजना 2005 साली आली. महाराष्ट्रात तिचा लाभ दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना. खेड्यात 700 रुपये, शहरात 600. या सातशे रुपयांसाठी बाईची जात विचारली जाते. (दाखल्यासाठी हेलपाटे घालून थकलेली माणसे आमच्या टेबलापुढेही येऊन बसतात.) तीच बाई मेली की तिची जात कुणालाच नको असते.

अमेरिकेत 2023 साली एक लाख जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता मेल्या, गोऱ्या 14.5. वंशभेद तिथे संपलेला नाही, हे हाच आकडा सांगतो. पण तो आकडा तिथले सरकार स्वतः छापते, म्हणून लढणाऱ्यांच्या हातात कागद असतो. कागदाशिवाय कोर्टात उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही रोज पाहतो.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा झाला. त्या बाईचे बाळंतपण ही तिच्या घरची खासगी बाब नाही, हे तेव्हाच ठरले. मग तिचे मरण खासगी कसे?

जातगणना करण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी घेतला. त्यामुळे जात मोजता येत नाही, ही सबब आता उरलेली नाही. माता मृत्यूचे प्रत्येक पत्रक प्रवर्गनिहाय छापा, ही आमची मागणी आहे.

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. आपापल्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. गेल्या पाच वर्षांतील माता मृत्यू, त्यांचा तालुका, वय, प्रवर्ग, मृत्यूचे ठिकाण आणि कारण एवढेच मागावे. नावे मागू नयेत. दहा रुपयांचे तिकीट लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करावे.